फायबरची होडी म्हातारी झाल्यावर

जून लागला की कोकणात होड्या शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात होड्या वाळूवर ओढून, झापा-ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे अशा वेळी किनाऱ्यावरून चालत गेलात, तर लहान होड्यांमध्ये लाकडाच्या थोड्या आणि फायबरच्या पुष्कळ दिसतील. मोठ्या ट्रॉलरांमध्ये लाकूड अजून टिकून आहे. आउटबोर्ड इंजिनाच्या छोट्या होड्यांमधून मात्र ते जवळपास गेले आहे.

शाकारलेल्या होड्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाण्यात उतरतात. काही मात्र उतरत नाहीत. तळाला तडे गेलेली, कडा उसवलेली, इंजिन काढून घेतलेली फायबरची जुनी होडी तिथेच राहते. लोखंडासारखी ती भंगारवाला नेत नाही आणि लाकडासारखी ती चुलीत जात नाही. खाडीच्या कडेला, माडांच्या मुळाशी ती पावसाळ्यामागून पावसाळे पडून असते. समुद्रात वापरायच्या फायबरसारख्या संमिश्र पदार्थांचे पर्यावरणाशी नाते कसे आहे, हा प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये चर्चेला आहे. आपल्याकडे त्याची खरी जागा या पडून राहिलेल्या होडीपाशी आहे.

फायबर म्हणजे काय

आपण ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतो त्यात दोन गोष्टी असतात. काचेचे केसासारखे बारीक धागे ताकद देतात. त्यांना एकत्र धरून ठेवणारे रेझिन आकार देते आणि पाणी अडवते. काचेचे धागे कारखान्यातून मॅटच्या किंवा विणलेल्या रोव्हिंगच्या गुंडाळ्यांमध्ये येतात. होडीच्या साच्याला आधी मेण लावतात, त्यावर जेलकोटचा रंगीत थर देतात, मग मॅट पसरून ब्रशने रेझिन पाजतात आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. त्यावर पुढचा थर. रेझिनमध्ये हार्डनर मिसळलेला असतो, म्हणून थोड्या वेळात ते तापते आणि घट्ट होते. साच्यातून निघालेली होडी अखंड असते. तिला फळ्या नसतात, त्यामुळे सांधे नसतात आणि सांध्यांतून झिरपणारे पाणीही नसते.

पण घट्ट होताना रेझिनच्या रेणूंमध्ये आडव्या-उभ्या गाठी पडतात आणि त्या उष्णतेने सुटत नाहीत. पाण्याच्या बादलीचे प्लास्टिक वितळवून पुन्हा ओतता येते. हे रेझिन वितळत नाही, फार तापवले तर जळते. गूळ वितळवून त्याची पुन्हा ढेप करता येते, पण भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसा हा फरक आहे. फायबरच्या होडीचे सगळे गुण आणि तिच्या शेवटाची सगळी अडचण या एकाच गोष्टीतून आलेली आहे.

काचेच्या धाग्यांचे कारखानदारी उत्पादन अमेरिकेत १९३०च्या दशकात सुरू झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पहिल्या होड्या बनल्या. म्हणजे हा पदार्थ जेमतेम ८० वर्षांचा आहे. बऱ्याच देशांत पहिली मोठी पिढी आत्ताच निवृत्त होऊ लागली आहे, म्हणून हा प्रश्न एकदम सगळीकडे उभा राहिलेला दिसतो.

लाकूड का मागे पडले

लाकडी होडीची आठवण काढून हळहळणे सोपे आहे. पण कोळी, गाबीत, खारवी समाजातल्या कुणाला विचारले, तर ते लाकडाच्या कष्टांबद्दल आधी बोलतील. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात. तेरेडो नावाचा लांबट, अळीसारखा दिसणारा शिंपलावर्गीय जीव फळीत शिरला की बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतून फळीची चाळण होते. त्यापासून वाचण्यासाठी तळाला तेल, राळ, डांबर यांचे लेप द्यावे लागत. सांध्यांत कापूस ठासावा लागे. हे दरवर्षीचे काम होते.

दुसरी गोष्ट लाकडाची. सागवान, ऐन, फणस, आंबा, उंडी ही होडीची झाडे. एकसंध खोड कोरून केलेल्या होडीला जुना, जाड बुंध्याचा आंबा लागे. तसे वृक्ष संपत आले, सागाचा भाव वर गेला आणि होडी बांधणारे सुतारही कमी झाले. जंगलाच्या बाजूने पाहिले तर फायबरने काही झाडे नक्कीच वाचवली. हे श्रेय त्याला दिले पाहिजे. लाकूड म्हणजे पर्यावरणाला चांगले आणि फायबर म्हणजे वाईट, अशी मांडणी मला पटत नाही.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने यावर मधला मार्ग काढून पाहिला. चीक देणे थांबलेल्या रबराच्या झाडांचे लाकूड एरवी स्वस्त आणि कच्चे समजले जाते. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून आणि बाहेरून फायबरचा थर देऊन संस्थेने होड्या तयार केल्या. याच संस्थेची ‘सागर हरिता’ ही नौका २०१६ साली पाण्यात उतरली. तिचे बूड पोलादाचे आहे आणि केबिन व सुकाणूघर फायबरचे. वरचे वजन कमी करून डिझेल वाचवायचे, हा त्यातला हेतू. जिथे ज्याचा उपयोग तिथे तो पदार्थ, ही दृष्टी सगळी होडी एकाच साच्यातून काढण्यापेक्षा अधिक समंजस आहे.

दिवाडीच्या बेटावरून

फायबर नीट वापरले तर काय होऊ शकते, हे पाहायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचे अ‍ॅक्वेरियस हे जहाजबांधणीचे आवार आहे. भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका तिथे बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरचे कवच, अशी तिची बांधणी. मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव तिला दिले आहे.

ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, वाटेत कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीला फेरी घातली. म्हादेईची धाकटी बहीण ‘तारिणी’ २०१७ साली त्याच आवारातून आली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातल्या सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ मध्ये तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघी पुन्हा तीच नौका घेऊन गेल्या. दक्षिण महासागराच्या लाटा आणि केप हॉर्नचे वारे सोसून आलेली कवचे अजून चांगली आहेत.

याचा पर्यावरणाशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध थेट आहे. कुठल्याही पदार्थावर खर्च झालेली ऊर्जा आणि त्यातून झालेले प्रदूषण त्याच्या आयुष्याच्या वर्षांमध्ये विभागले जाते. जी होडी ३० वर्षे चालते तिचा वार्षिक बोजा १० वर्षांत फेकून द्याव्या लागणाऱ्या होडीच्या तिसऱ्या हिश्शाइतका असतो. त्यामुळे फायबरच्या होडीचे पर्यावरणीय मोल साच्यापाशी, ती बांधणाऱ्याच्या हातात ठरते. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यावर मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. घाईत उभ्या राहिलेल्या आवारांतून आलेल्या त्या होड्यांपैकी कित्येकांच्या दर्जाबद्दल जाणकारांनी तेव्हाच तक्रार केली होती. मदत देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण पातळ थरांची होडी मच्छीमाराच्या जिवाला धोका असते आणि लवकरच किनाऱ्याचा कचरा होते.

गोव्यानेच अलीकडे दुसऱ्या टोकाचाही प्रयोग करून दाखवला. ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज होडी इनोव्हेशन्स या कंपनीने गोव्यात बांधले आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या आणि सांधे नैसर्गिक राळेने बंद केले गेले. खिळा नाही, काच नाही, रासायनिक रेझिन नाही. रोज पहाटे मासे पकडायला जाणाऱ्याला हे जहाज परवडणारे नाही, पण धागा आणि राळ यांची सांगड समुद्रात शतकानुशतके टिकली होती हे त्याने डोळ्यांसमोर आणून ठेवले.

रेझिनचा हिशेब

होडी बांधताना पर्यावरणाला सर्वांत जास्त त्रास काचेचा होत नाही, रेझिनचा होतो. काच वाळू, चुनखडी आणि काही खनिजे वितळवून होते. भट्टीला ऊर्जा लागते, पण कच्चा माल विपुल आहे. स्वस्त होड्यांत वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझिन खनिज तेलापासून येते आणि त्यात मोठा वाटा स्टायरीन या द्रवाचा असतो. फायबरच्या शेडमध्ये नाकात शिरणारा उग्र वास स्टायरीनचा. उघड्या साच्यावर काम करताना त्यातला काही भाग उडून हवेत जातो आणि पहिला श्वास तिथे काम करणाऱ्या माणसाचा असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला ‘माणसात बहुधा कर्करोग घडवणारे’ या गटात वर चढवले. साधा कापडी रुमाल बांधून ही वाफ अडत नाही. तिला वाफेसाठीचा कार्बन मास्क आणि खेळती हवा लागते. हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्माही हवाच.

आता थोडे आकडे पाहू. हाताने मॅट लावून केलेल्या कवचात वजनाने काच साधारण ३० टक्के आणि रेझिन ७० टक्के असते. म्हणजे ३०० किलो काचेला ७०० किलो रेझिन. हेच काम विणलेले कापड वापरून आणि साच्यावर प्लास्टिकची चादर ताणून, आतली हवा पंपाने ओढून केले, तर काच ६० टक्क्यांपर्यंत नेता येते. ३०० किलो काचेला मग २०० किलोच रेझिन पुरते. कवच पातळ होते, म्हणून त्याला आतून फासळ्या किंवा मधे हलका गाभा द्यावा लागतो, तरी एकूण रेझिन बरेच वाचते. शिवाय साचा झाकलेला असल्याने स्टायरीन शेडमध्ये पसरत नाही. या पद्धतीला व्हॅक्यूम इन्फ्यूजन म्हणतात. पंप, नळ्या आणि शिकलेले हात एवढेच तिला लागते. लहान आवारांपर्यंत ती पोहोचवायची तर यंत्रापेक्षा प्रशिक्षणाचा खर्च मोठा आहे, आणि तो सरकारने करण्यासारखा आहे.

हलक्या होडीला कमी इंधन लागते, हा फायबरच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद. तो खरा आहे, पण एका अटीवर. वाचलेल्या वजनाच्या जागी मोठे इंजिन बसवले आणि वेग वाढवला, तर डिझेल-पेट्रोलची बचत संपते. मासे कमी झाल्यामुळे लांब जावे लागते, लांब जायचे म्हणून मोठे इंजिन, ही साखळी होडीच्या पदार्थाने तुटत नाही. कार्बन फायबर आणखी हलका आणि ताठ असतो, पण तो बनवायला काचेच्या धाग्यांपेक्षा कितीतरी पट ऊर्जा लागते. युद्धनौकेवर तो शोभतो. ‘किल्तान’ आणि ‘कवरत्ती’ या आपल्या पाणबुडीविरोधी नौकांचा वरचा भाग कार्बन फायबरच्या संमिश्राचा आहे. मच्छीमाराच्या होडीला त्याची गरज नाही.

पाण्यात काय उतरते

होडी वापरात असेपर्यंत तिच्यातून फारसे काही बाहेर पडत नाही, असा बराच काळ समज होता. तळाला फोड येतात, जेलकोटमधून पाणी आत शिरून रेझिन हळूहळू फुगते, हे आवारवाल्यांना ठाऊक होते; पण ते दुरुस्तीचे काम मानले जाई. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चिचेस्टर बंदरात ब्रायटन विद्यापीठाच्या संशोधकांनी जे पाहिले, ते २०२४ साली प्रसिद्ध झाले. नौका दुरुस्त करण्याच्या आवाराजवळच्या कालवांमध्ये त्यांना दर किलोमागे ११,२२० पर्यंत काचेचे कण सापडले आणि शिणाण्यांसारख्या शिंपल्यांमध्ये २,७४० पर्यंत. हिवाळ्यात, नौका दुरुस्तीला काढण्याच्या दिवसांत, प्रमाण वाढलेले दिसले. काचेचा धागा विरघळत नाही आणि टोकाला धारदार असतो.

आपल्याकडे दुरुस्तीचा हंगाम पावसाळ्याच्या आगेमागे असतो. ग्राइंडर लावून जुना थर खरवडला जातो, पांढरी भुकटी वाळूवर पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात खाडीत जाते. त्याच खाडीत बायका तिसऱ्या, शिणाण्या, कालवे काढतात. चिचेस्टरचे आकडे तसेच्या तसे मालवणला किंवा रायगडच्या खाड्यांना लावता येणार नाहीत. पण कालवे मांडवीतली असोत की चिचेस्टरची, ती पाणी गाळूनच जगतात. इतके समजल्यावर भुकटी ताडपत्रीवर गोळा करायला वेगळ्या अभ्यासाची वाट पाहायची गरज नाही.

सर्वांत वाईट मार्ग आग लावण्याचा. नको असलेली होडी किनाऱ्यावर पेटवली की काळाकुट्ट धूर निघतो, स्टायरीनसारखी विषारी वाफ वस्तीत शिरते, आणि मागे काचेच्या धाग्यांचा जो गुंता उरतो तो वाऱ्याने उडतो. होडी जळते, पण तिची काच तिथेच राहते.

शेवटाच्या वाटा

मग करायचे काय? जगात चार वाटा चाचपून पाहिल्या गेल्या आहेत.

पहिली, दळून भुकटी करणे आणि ती काँक्रीटमध्ये किंवा नव्या फायबरमध्ये भर म्हणून घालणे. हे होते, पण भुकटीला किंमत कमी आणि दळण्याचा खर्च जास्त. दुसरी, हवा बंद करून तापवणे, म्हणजे रेझिनचा वायू आणि तेल होऊन धागे मोकळे होतात. कार्बनचे धागे यातून बऱ्यापैकी वाचतात, म्हणून विमानांच्या कचऱ्यासाठी हा मार्ग चालतो. काचेचा धागा मात्र त्या उष्णतेत निम्म्याहून अधिक ताकद गमावून बसतो, आणि नवी काच इतकी स्वस्त आहे की अशक्त जुनी कुणी घेत नाही. तिसरी, रसायनांनी रेझिन विरघळवणे. ती अजून बहुतेक प्रयोगशाळेत आहे.

चौथी वाट सिमेंटच्या भट्टीची, आणि आपल्यासाठी आज तीच कामाची आहे. होडीचे तुकडे भट्टीत गेले की रेझिन कोळशाच्या जागी जळते. काचेतली सिलिका, चुना आणि अ‍ॅल्युमिना हे सिमेंटचेच घटक, ते क्लिंकरमध्ये, म्हणजे दळण्याआधीच्या सिमेंटच्या खड्यांमध्ये, मिसळून जातात. राख वेगळी पुरावी लागत नाही. भट्टीतला माल १,४५० अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या आगीतला विषारी धूर इथे उरत नाही. काचेत थोडे बोरॉन असते आणि ते सिमेंट घट्ट होण्याचा वेग मंदावते, म्हणून प्रमाण बेताचे ठेवावे लागते. हाताने केलेल्या आपल्या होड्यांत रेझिन जास्त आणि काच कमी असल्याने त्यांचा बराचसा भाग इंधन म्हणूनच जातो. याला पूर्ण पुनर्वापर म्हणणे मला अतिशयोक्ती वाटते. पण खाडीपेक्षा आणि उघड्या आगीपेक्षा ही वाट कितीतरी चांगली आहे.

जपानच्या नौका उद्योग संघटनेने २००५ पासून जुन्या फायबर नौका गोळा करून सिमेंटकडे पाठवायची व्यवस्था बसवली. फ्रान्सने २०१९ पासून वेगळी रीत घातली. तिथे सहलीची नवी नौका बाजारात आणणाऱ्याला तिच्या मोडणीसाठी आधीच शुल्क भरावे लागते. मालकाने जुनी नौका नेमलेल्या केंद्रावर आणून दिली की मोडण्याचे पैसे त्याला पडत नाहीत. हजारो नौका अशा मोडल्या गेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेही २०१९ साली फायबर नौका समुद्रात बुडवण्याला पर्याय कोणते, यावर स्वतंत्र अहवाल काढला.

आपल्याकडे नियम नाही असे नाही. २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत न वितळणाऱ्या प्लास्टिकचा उल्लेख आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याच साली फायबरसह अशा कचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सिमेंटच्या भट्टीत सहप्रक्रिया ही त्यांची पहिली पसंती. हा नियम देशभर एक आहे, मग फायबरचा तुकडा मालवणच्या वाळूवर होडीचा असो की समुद्रापासून दूर कुठल्या गच्चीवरच्या पत्र्याचा. पण नियम आहे म्हणून माल आपोआप भट्टीपर्यंत जात नाही. उत्पादकाने आपल्या मालाचा कचरा परत घ्यावा ही सक्ती २०२२ साली आली ती प्लास्टिकच्या वेष्टनांपुरती. होडी बांधणारा तिच्यात येत नाही. अलंगला मोडली जाणारी मोठी जहाजे जून २०२५ मध्ये लागू झालेल्या हाँगकाँग कराराखाली येतात, पण तो करार ५०० टनांच्या वरच्या जहाजांना लागतो. मच्छीमाराची होडी या दोन्ही जाळ्यांच्या फटीतून निसटते.

अंतराचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रातले सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे किनाऱ्यापासून राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत. पण सिंधुदुर्गाला आणि गोव्याला बागलकोटचा पट्टा जवळ आहे, बेळगावमार्गे ट्रक एका दिवसात पोहोचतो. गोव्यातला पुन्हा न वापरता येणारा प्लास्टिक कचरा गेली काही वर्षे कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातोच आहे. म्हणजे रस्ता तयार आहे. त्या ट्रकमध्ये होडीचे कापलेले तुकडे चढवायची व्यवस्था तेवढी नाही. अख्खी होडी म्हणजे बहुतेक हवाच वाहून नेणे, म्हणून ती बंदरावरच कापली पाहिजे. आधी इंजिन, बॅटरी, इंधन, फोम काढून घ्यायचा, मग पाणी मारत, ताडपत्रीवर कापायची.

नवे धागे, नवे रेझिन

काचेऐवजी ताग, अंबाडी, काथ्या, अळशी यांचे धागे वापरण्याचे प्रयोग जोरात आहेत. जर्मनीत अळशीच्या धाग्यांच्या छोट्या शिडाच्या नौका बांधल्या गेल्या आहेत. हे धागे हलके असतात आणि त्यांना ऊर्जा कमी लागते, पण पाणी पितात. खाऱ्या पाण्यात कायम राहणाऱ्या तळासाठी मी ते आज सुचवणार नाही. केबिन, झाकणे, बाक यांसाठी जरूर वापरावेत, आणि काथ्याच्या कोकणाने त्यात पुढाकार घ्यावा.

रेझिनच्या बाजूने बातमी अधिक आशादायक आहे. फ्रान्सच्या आर्केमा कंपनीचे एलियम हे रेझिन घट्ट झाल्यावरही पुन्हा वितळवता आणि मूळ द्रवात परत आणता येते. २०१६ साली त्यापासून शर्यतीची नौका बांधली गेली. आदित्य बिर्ला समूहाकडे असलेले रिसायक्लामिन हे हार्डनरचे तंत्र वेगळे आहे. त्यापासून घट्ट झालेले इपॉक्सी रेझिन सौम्य आम्लात सुटते आणि धागे परत मिळतात. पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी ते वापरले जात आहे. होडीच्या भावात ते बसायला वेळ लागेल. दरम्यान ज्यांना लहान, धडका सोसणारी होडी हवी आहे त्यांनी पॉलिथिनच्या होडीचाही विचार करावा. ती जड असते आणि मोठ्या आकारात लवचीक पडते, पण शेवटी भंगारवाला तिला पैसे देतो.

होडी घेताना

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून सुरू आहे. पारंपरिक मच्छीमाराला जुन्या होडीच्या जागी नवी होडी आणि जाळी घ्यायला त्यात मदत मिळते. सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. नव्या होडीसाठी सार्वजनिक पैसा जातो, तर त्याच पैशातून जुनीच्या मोडणीची सोय व्हायला हवी. जुनी होडी कुठे गेली याची पावती दिल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये, आणि ती पावती मिळावी म्हणून प्रत्येक मोठ्या बंदरात मोडणीची जागा सरकारने द्यावी. वाहतुकीचा खर्च मच्छीमारावर टाकला तर होडी खाडीतच जाईल. होड्यांची नोंदणी आधीच सक्तीची आहे; त्या नोंदीत शेवटाचा एक रकाना वाढवायला नवा कायदा लागत नाही.

होडी मागवणाऱ्याने बांधणाऱ्याला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. किती थर आहेत आणि मॅट किती वजनाची आहे? तळाला कोणते रेझिन आहे? साधे पॉलिएस्टर की पाण्याला अधिक टिकणारे व्हिनाइल एस्टर? थरांची लेखी नोंद मिळेल का? ही नोंद जपून ठेवा. २० वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला आणि शेवटी भट्टीवाल्यालाही तिचा उपयोग होईल. होडी हाती आल्यावर दरवर्षी शाकारताना तळ गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, सावलीत ठेवा. उन्हाने जेलकोट मरतो. केसासारखी चीर दिसली तर त्याच हंगामात बुजवा, कारण तिच्यातून गेलेले पाणी पुढच्या वर्षी दुप्पट काम काढते.

आणि मच्छीमार सहकारी संस्थांना एक विनंती. येत्या जूनमध्ये होड्या शाकारल्या की आपल्या बंदरावर कायमच्या पडून असलेल्या फायबर होड्या मोजा, त्यांचे नोंदणी क्रमांक आणि लांबी लिहा, फोटो काढा आणि ती यादी ठरावासह जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांकडे द्या. त्याची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. मोडणीच्या जागेची मागणी त्या यादीसह गेली, तर तिला ‘गरज दिसत नाही’ असे उत्तर देता येणार नाही.